फुटाळ्याची चौपाटी आणि कोकणची पुळण: पाळीव कुत्र्यांना पाण्याकाठी मोकळीक द्यावी का?

फुटाळा_फेरी (धागाकर्ता)

समुद्रकिनाऱ्यावर पाळीव कुत्री आणू द्यावीत की नाही, यावर मुंबई-कोकणची मंडळी दर हिवाळ्यात भांडतात. आपल्याकडे नागपूरला समुद्र नाही, पण चौपाटी आहे: फुटाळा तलावाची. संध्याकाळी भुट्टेवाले, फुगेवाले, सेल्फीवाले, आणि त्यांच्या पायांतून पट्टा फरफटवत पळणारे लॅब्रॅडॉर. सकाळी अंबाझरी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फिरणाऱ्यांची आणि कुत्रेवाल्यांची रोजची कुरबूर वेगळीच.

दोन प्रश्न मांडतो. एक, आपल्या तलावांच्या काठांना किनाऱ्याचेच नियम लावता येतील का? दोन, नागपूरहून कुत्रं घेऊन कोकणात जाणाऱ्यांनी तिथे कसं वागावं?

"कुत्री किती गोड असतात" आणि "माणसांपेक्षा कुत्री जास्त झाली" या दोन्ही प्रकारच्या प्रतिक्रिया इतर धाग्यांवर भरपूर आहेत. इथे कारणं आणि पद्धत लिहा.

---

पट्टेवाला

किनाऱ्याचे नियम जसेच्या तसे उचलायला हरकत काय? इंग्लंडमध्ये बऱ्याच किनाऱ्यांवर १ मे ते ३० सप्टेंबर, म्हणजे गर्दीच्या मोसमात, कुत्र्यांना बंदी असते आणि उरलेले महिने मोकळीक. काही ठिकाणी किनाऱ्याचा एक तुकडा कायम खुला ठेवतात. सरसकट हो नाही, सरसकट ना नाही. आपल्याकडे वेळ ठरवा, दोरी सक्तीची करा, शी उचलायला लावा. झालं.

---

डॉ_शेपूटवाले

दोरी आणि पिशवी मान्य. पण "जसेच्या तसे" मान्य नाही. समुद्राचा काठ दिवसातून दोनदा भरतीने धुतला जातो. फुटाळ्याला भरती येत नाही. काठावर जे पडतं ते तिथेच वाळतं आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर तलावात उतरतं.

दुसरी गोष्ट लेप्टोस्पायरोसिस या रोगाची. त्याचे जंतू उंदीर, गुरं आणि कुत्री यांच्या लघवीतून पाण्यात येतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ते फार टिकत नाहीत. कोमट, गोड, साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे राहतात. शी पिशवीत भरता येते, लघवी भरता येत नाही. म्हणून तलावाच्या बाबतीत पिशवीइतकीच लसही महत्त्वाची. "नाईन इन वन" ही एकत्रित लस टोचली म्हणजे काम झालं असं धरू नका. लसीकरणाच्या पुस्तिकेत चिकटवलेल्या लेबलावर शेवटी "एल" हे अक्षर आहे का ते पाहा. तो लेप्टोचा भाग. पहिल्या वेळी २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक. तीन वर्षांनी एकदा दिला तर चालत नाही, कारण लेप्टोच्या लसीचं संरक्षण साधारण वर्षभराचंच असतं.

आता जंत. यात एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. ताज्या विष्ठेतली गोल जंतांची अंडी लगेच लागण करत नाहीत. मातीत २ ते ४ आठवडे पडून राहिली की ती लागणक्षम होतात आणि मग वर्षानुवर्षं तशीच राहतात. अंकुशकृमीचं गणित वेगळं: एक-दोन दिवसांत अंड्यातून अळी बाहेर येते, आठवडाभरात ती माणसाच्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरण्याइतकी तयार होते आणि त्वचेखाली नागमोडी, खाजरी रेघ उठवत फिरते. म्हणजे शी तासाभरात उचलली तर दोन्ही साखळ्या तुटतात. "मातीत मिसळून खत होईल" असं म्हणून सोडली, तर आठवड्याभराने तीच जागा खेळणाऱ्या पोरांसाठी सगळ्यात वाईट झालेली असते.

---

वऱ्हाडी_मिरची

म्हंजे फुटाळ्याले कुलूपच लावा ना मंग! एवढं भेव दाखवून राहिले डॉक्टरसाहेब, आता करायचं काय ते बी सांगा.

---

डॉ_शेपूटवाले

हाव, सांगतो. कुलूप नको.

जंताची गोळी: पिल्लाला २ आठवड्यांपासून दर १५ दिवसांनी, ३ महिन्यांचं होईपर्यंत. नंतर ६ महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर ३ महिन्यांनी. पिल्लांना बहुधा पातळ औषध देतात. मोठ्यांसाठी प्राझिक्वान्टेल-पायरॅन्टेल-फेबॅन्टेल ही तिहेरी गोळी साधारण १० किलोंमागे एक. कुत्रं वजनकाट्यावर उभं करा. अंदाजाने दिली की लॅबला हमखास कमी पडते, कारण घरातल्या माणसांना आपलं कुत्रं नेहमी बारीकच दिसतं.

रेबीज: तीन महिन्यांनंतर पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, मग दरवर्षी. पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. काठावर वाद झाला तर तोच कामी येतो.

गोचीड: पावसाळ्यात तलावाकाठच्या गवतात आणि पाळीच्या दगडी फटींत भरपूर असतात. पोट भरलेली एक मादी खाली पडून हजारोंनी अंडी घालते. तिच्यातून एर्लिकिया आणि बबेसिया या रक्तातल्या जंतूंचा ताप येतो. हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त, बबेसियात चहासारखी लघवी. खायच्या गोळ्यांमध्ये फ्लुरालॅनर १२ आठवडे चालते, अफॉक्सोलॅनर महिनाभर. अमिट्राझ १२.५ टक्के हे पाण्यात मिसळून लावायचं औषध वापरत असाल तर गोचिडांसाठी लिटरभर पाण्याला २ ते ४ मिली, त्याहून जास्त नाही. लावल्यावर अंगावरच वाळू द्यायचं आणि तोवर चाटू द्यायचं नाही. लहान पिल्लं, मधुमेही कुत्री आणि चिवावा यांना लावू नका. घरात मांजर असेल तर अमिट्राझ आणि पर्मेथ्रिन दोन्हींपासून ते लांब ठेवा.

आणि लघवीचा साधा उपाय: पाळीवर चढण्याआधी, रस्त्याच्या बाजूला, दहा मिनिटं फिरवून मोकळं करून घ्या. नर कुत्रं पुढे थेंब-थेंब खुणा करतच जातं, पण मोठा भार आधीच उतरलेला असतो.

माफसूचं, म्हणजे पशुवैद्यक विद्यापीठाचं, मुख्यालय फुटाळ्याच्याच रस्त्यावर आहे आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सला. लस आणि तपासणी तिथे होते. "दवाखाना लांब आहे" ही सबब निदान फुटाळ्यावर येणाऱ्यांनी तरी सांगू नये.

---

टिटवी_टीवटीव

पक्ष्यांचं कोणीच बोललं नाही. टिटवी घरटं बांधत नाही. मार्च ते ऑगस्टच्या सुमारास ती उघड्या मातीत, खड्यांमध्ये तीन-चार अंडी घालते आणि महिनाभर उबवते. रंग असा की माणसाचा पाय अगदी जवळ पडला तरी अंडी दिसत नाहीत. कुत्र्याला मात्र वासाने सापडतात. मादी उठून ओरडत राहिली की भर उन्हात अंडी उघडी पडतात. नागपूरच्या एप्रिलच्या उन्हात मादी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला कमी आणि सावली धरायला जास्त. पोट पाण्यात भिजवून येते आणि अंडी ओली करते. ती वीस मिनिटं उठलेली राहिली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

हिवाळ्यात दुसरा प्रश्न. बाहेरून आलेली बदकं काठाजवळ विसावतात. मोकळं कुत्रं पाण्यात घुसलं की अख्खा थवा उठतो. कुत्र्याने एकही पकडलं नाही तरी प्रत्येक उड्डाणाला त्यांची शक्ती जाते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतीच्या प्रवासासाठी साठवायची ती हीच.

म्हणून माझ्या मते पाणथळ कडा, म्हणजे जिथे माती आणि पाणी भेटतं तो भाग, बारा महिने बंद. बांधीव पाळ आणि रस्ता दोरीसह खुला. गोरेवाडा तर पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव आणि भोवती जंगल. तिथे चर्चाच नको.

---

काळा_कोट_नागपूर

कायद्याबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून मुद्देसूद.

सर्वोच्च न्यायालयाचे २०२५चे आदेश भटक्या कुत्र्यांविषयी आहेत, पाळीव नाही. २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशाने नसबंदी, लसीकरण आणि जंतनाशक दिलेली कुत्री मूळ जागी सोडायची (रेबीज झालेली किंवा आक्रमक सोडून) आणि खाऊ घालायला ठरावीक जागा नेमायच्या असं ठरलं. ७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशात शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं इथून ती हलवायला सांगितली. त्या यादीत तलावाकाठ नाही. आपल्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सार्वजनिक जागी खाऊ घालण्यावर घातलेले निर्बंधही पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात जाऊन अडले होते, तो आदेश अजून व्हॉट्सॲपवर फिरतो.

पाळीव कुत्र्याबद्दल: ॲनिमल बर्थ कंट्रोल नियम, २०२३ नुसार जंतनाशक, लस आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जीवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये याची खबरदारी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे "आमचा काही करत नाही" हे वाक्य बचाव म्हणून चालत नाही. चावा व्हायची वाट पाहावी लागत नाही. उलट बाजूने, दगड मारून किंवा विष घालून प्राण्याला ठार किंवा पांगळं केलं तर कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना सोसायट्यांसाठी आहेत: बागेत सरसकट बंदी नको, वेळ ठरवता येईल, दोरी वापरा, मुसक्याची सक्ती नको. लोक त्या कायदा म्हणून तोंडावर फेकतात. सल्ला आणि कायदा यांत फरक आहे.

---

पहाटपावली

दोरी दोरी सगळे म्हणतात. किती लांब, ते कोणी लिहीत नाही. वीस फुटांची गुंडाळणारी दोरी धरून मोबाईलवर बोलणारा माणूस म्हणजे दोरी नसल्यातच जमा.

---

पट्टेवाला

पहाटपावलीताई, बरोबर बोललात. गर्दीच्या पाळीवर ५ ते ६ फूट, त्याहून जास्त नाही. आपोआप गुंडाळणारी दोरी तीन कारणांनी वाईट: मोठ्या कुत्र्याने हिसका दिला की आतलं कुलूप घसरतं, पातळ दोरीने पोटरीला चटका बसतो, आणि मूठ हातातून सुटली तर ती खडखडत मागे येते. कुत्र्याला वाटतं काहीतरी पाठलाग करतंय, आणि ते आणखी पळतं.

लोखंडी साखळी मजबूत दिसते, पण तुटते ती कडीला जोडणाऱ्या एका उघड्या रिंगणात. खरेदी करताना ते रिंगण वेल्ड केलेलं आहे का ते नखाने तपासा. फट लागली तर नको. विणलेली नायलॉन पट्टी, लॅबसाठी इंचभर रुंद, आणि पितळी फिरता हूक हे सगळ्यात कमी दगा देतं. दर महिन्याला हुकाची स्प्रिंग दाबून सोडा. वाळू आणि गंजाने ती अर्ध्यावर अडकते आणि वरून बंद दिसते.

गळपट्टा की हार्नेस? ओढणाऱ्या कुत्र्याला छातीवर पुढे कडी असलेला वाय आकाराचा हार्नेस. ओढलं की आपोआप बाजूला वळतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना गळपट्टा नकोच. गळपट्टा घातला तर दोन बोटं आत जातील इतका सैल. तीन गेली तर डोकं मागे काढून सुटतं, आणि घाबरलेलं कुत्रं नेमकं तेच करतं.

मुसकं लागलंच तर जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी, तोंड आवळणारं मुसकं नागपूरच्या उन्हात जीवघेणं. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धाप हाच त्याचा कूलर. तोच बंद केला तर?

भटक्यांची टोळी अंगावर आली तर पळू नका, आणि लहान कुत्रं उचलून डोक्यावर धरू नका. टोळी उड्या मारते आणि चावा तुमच्या हाताला बसतो. कुत्र्याला मागे घ्या, स्वतः मध्ये उभे राहा, छत्री असेल तर समोर उघडा, आणि तोंड त्यांच्याकडेच ठेवून मागे सरका. कानाला खाच दिसली तर ते नसबंदी झालेलं कुत्रं, पण खाच म्हणजे शांत स्वभावाची हमी नाही. खाऊ घालायच्या वेळी त्या जागेवरून आपलं कुत्रं नेऊ नका, एवढं जरी पाळलं तरी बरीच भांडणं होतच नाहीत.

---

पहाटपावली

आणि चावलं तर? पाळीव असो की भटकं.

---

डॉ_शेपूटवाले

मी जनावरांचा डॉक्टर, पण हे सगळ्यांना पाठ हवं. वाहतं पाणी आणि साबण, घड्याळ लावून १५ मिनिटं. चुना, हळद, तिखट, कॉफी काहीही नाही. घाईने टाके नाहीत. नुसतं खरचटलं, रक्त नाही: लस. रक्त आलं किंवा जखमेवर लाळ लागली: लस आणि शिवाय जखमेत व भोवती इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). दंडात घेण्याची लस ०, ३, ७, १४, २८ या दिवशी; कातडीत घेण्याची ०, ३, ७, २८. आधी पूर्ण कोर्स झालेला असेल तर ० आणि ३ असे दोनच डोस आणि इम्युनोग्लोब्युलिन नाही. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी जा. कुत्रं माहितीतलं असेल तर १० दिवस त्यावर नजर, पण लस त्यासाठी थांबवायची नाही. दहाव्या दिवशी ते ठणठणीत असेल तर पुढचे डोस घ्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील.

---

मुरूम_माती_सिमेंट

समुद्र आणि तलाव यांतला आणखी एक फरक, बांधकामाच्या बाजूचा. पुळण उतरती असते. कुत्रं हळूहळू खोल जातं आणि पाय टेकत परत येतं. आपल्या तलावांची पाळ म्हणजे दगडी पिचिंग: तिरकं, शेवाळलेलं, आणि पाण्याखाली लगेच खोल. उडी मारणं सोपं, वर येणं अशक्य. कुत्र्याला पोहता येतं म्हणून ते बुडत नाही असं नाही. नखं दगडावर घसरत दहा मिनिटं धडपडून दमतं आणि मग बुडतं. पाठीवर मूठ असलेलं लाईफ जॅकेट घातलं तर माणूस वाकून वर ओढू शकतो. गळपट्ट्याला धरून ओढू नका.

अंबाझरीची जलपर्णी हा दुसरा सापळा. वरून ती हिरवळ दिसते, म्हणून कुत्रं पळत जाऊन त्यावर पाय टाकतं आणि आत जातं. मुळांचा गुंता पोटाखाली, पोहायला जागा नाही. मालकाने मागोमाग उडी घ्यायची नाही, त्याचंही तेच होईल. दोरी, बांबू, जे असेल ते पुढे करा.

---

डॉ_शेपूटवाले

यात भर: उन्हाळ्याच्या शेवटी साचलेल्या पाण्यावर हिरव्या ऑइलपेंटसारखा थर दिसला तर कुत्र्याला त्या पाण्याला तोंडसुद्धा लावू देऊ नका. ते निळे-हिरवे शैवाल. त्याच्या विषावर उतारा नाही. यकृत किंवा मज्जासंस्थेवर हल्ला होतो आणि काही तासांत खेळ आटोपतो. अंगाला लागलं तर चाटण्याआधी नळाखाली धुवा.

आणि फुटाळ्याच्या भुट्टेवाल्यांचा माल! दाणे खाऊन फेकलेला भुट्टा हा आतडं तुंबण्याचं हमखास कारण. कुत्रं तो चावत नाही, तुकडे गिळतं. तो पचत नाही, एक्स-रेत नीट दिसत नाही, आणि लहान आतड्यात बुचासारखा बसतो. वारंवार उलटी, पोट ताठ, शी बंद: २४ तास वाट पाहू नका. मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय तर नकोच. कबाबाच्या काड्यांचंही तेच, फक्त त्या भोक पाडतात. संक्रांतीनंतर दोन-तीन आठवडे गवतात नायलॉन मांजा असतो, बंदी असली तरी. पंजाच्या बोटांमध्ये रोज बघा; मांजा आवळला की वरून सूज दिसते, दोरा दिसत नाही.

---

वऱ्हाडी_मिरची

मे महिन्यात कवा न्यावं? सकाळी सहालाच सिमेंट रोड कोमट लागून राहते.

---

डॉ_शेपूटवाले

तळहाताची मागची बाजू रस्त्यावर ७ सेकंद ठेवा. नाही ठेववली तर कुत्र्यालाही नाही. सिमेंट दिवसभराचं ऊन रात्रभर सोडत बसतं, म्हणून रात्री ९ पेक्षा पहाटे ५ बरी. मातीची कडा मिळाली तर तिथून चालवा. पारा ४५ पार जातो त्या आठवड्यांत लांब फेऱ्या बंद, फक्त शी-लघवीपुरतं बाहेर.

ऊन लागलं की धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, हिरड्या विटकरी होतात, चाल डगमगते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं की सावध, १०६ म्हणजे जीवावर. नळाचं साधं पाणी पोटावर, मांड्यांच्या आत आणि पंजांवर, सोबत पंखा. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नका, तो पाच मिनिटांत गरम होऊन गोधडीचं काम करतो. १०३.५ वर आलं की ओतणं थांबवा, नाहीतर तापमान खाली घसरतच जातं. कुत्रं उठून बसलं तरी दवाखान्यात न्या. मूत्रपिंडाचं नुकसान दुसऱ्या दिवशी कळतं.

---

फुटाळा_फेरी

दुसरा प्रश्न राहिलाय. दिवाळीच्या सुट्टीत कुत्रं घेऊन कोकणात जाणाऱ्यांसाठी?

---

पट्टेवाला

प्रवासापुरतं लिहितो. रेल्वेत कुत्रं सोबत हवं असेल तर फर्स्ट एसीचा दोन किंवा चार बर्थचा अख्खा कूपे तुमच्याच नावावर हवा. नाहीतर ब्रेकव्हॅनमधली कुत्र्याची पेटी. ती लोखंडी, अंधारी आणि उन्हाळ्यात भट्टी, टाळा. पशुवैद्याचा ताजा प्रमाणपत्राचा कागद आणि लसीची पुस्तिका घेऊन गाडीच्या बऱ्याच आधी पार्सल ऑफिसात जा.

कारने समृद्धीवरून निघालात तर निघण्याआधी चार तास खाणं नको, पाणी चालेल. दर दोन-अडीच तासांनी थांबा, आणि गाडीचं दार उघडण्याआधी दोरी अडकवा. महामार्गावर कुत्रं हरवतं ते याच क्षणी. जेवायला उतरताना "काच खाली आहे" म्हणून आत ठेवू नका: बंद गाडी १० मिनिटांत बाहेरपेक्षा ११ अंश सेल्सिअसने तापते, अर्ध्या तासात १९.

---

टिटवी_टीवटीव

आणि किनाऱ्यावर पोचलात की आधी मोसम पाहा. वेळास, आंजर्ले, गुहागर या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री येऊन भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभर-सव्वाशे. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं. गावकरी आणि वनखातं अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात, त्याचं एक मोठं कारण कोल्हे आणि कुत्रीच. घरटं फूट-दीड फूट खोल असतं, पण कुत्र्याच्या नाकाला ते काहीच नाही. सकाळी खोडकर पोरांसारखं वाळू उकरत बसलेलं तुमचं बीगल नेमकं काय उकरतंय ते तुम्हाला कळणारही नाही. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं आहे, "चुकून झालं" म्हणून सुटका होत नाही.

तेव्हा त्या महिन्यांत त्या किनाऱ्यांवर संध्याकाळ ते सकाळ कुत्रं नकोच. दिवसा न्यायचं तर भरतीच्या रेषेखाली, ओल्या वाळूवर, दोरीसह. पिल्लं समुद्राकडे सोडायची वेळ असेल तेव्हा अर्थातच नाही.

---

डॉ_शेपूटवाले

ओल्या वाळूचा सल्ला माझ्याही कामाचा. अंकुशकृमीच्या अळ्या सावलीतल्या, दमट, लाटा न पोचणाऱ्या वाळूत असतात: सुरूच्या बनाखाली, होडीच्या आडोशाला. धुतल्या जाणाऱ्या वाळूत नाही. घरातली पोरंही तिथेच खेळवा.

नागपुरी कुत्र्याला समुद्र नवा असतो, ते पाणी समजून पितं. साडेतीन टक्के मीठ. आधी जुलाब, जास्त गेलं तर झटके. दर १५ मिनिटांनी गोड पाणी समोर धरा. २० किलोच्या कुत्र्याला एरवीच दिवसाला लिटरभर लागतं, तिथे दुप्पट न्या. चेंडू टेनिसचा नको, त्याच्या लवीला चिकटलेली वाळू प्रत्येक झेलीबरोबर पोटात जाते आणि सिमेंटसारखी बसते. गुळगुळीत रबरी घ्या. रापणीच्या (किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या) जाळ्यांजवळ गळ, फुगलेले केंड मासे आणि जेलीफिश पडलेले असतात. केंड विषारी, मेलेलाही. नंतर गोड्या पाण्याने धुऊन कान आतपर्यंत कोरडे करा. लोंबत्या कानांच्या जातींना दोन दिवसांनी कान खाजायला लागला तर तेल ओतू नका, आधी दाखवा.

---

पहाटपावली

कोकण झालं. आमच्या पाळीवर काय? वेळ ठरवा म्हणता, पण पहाटे ५ ते ७ हीच फिरणाऱ्यांची वेळ आणि उन्हामुळे हीच कुत्र्यांची. वेळेने सुटणार कसं?

---

मुरूम_माती_सिमेंट

वेळेने नाही सुटत, जागेने सुटतं. तलावापासून आत, उताराच्या उलट बाजूला कुंपणाची जागा करा. निदान एक एकर. पाच फूट उंच जाळी, खालची सहा इंच जमिनीत गाडलेली, नाहीतर टेरियर दोन दिवसांत खालून वाट काढतो. फाटक दुहेरी: पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, मधल्या चौकात दोरी काढायची. १० किलोंखालच्यांसाठी वेगळा भाग.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यात पंजे अडकतात, आणि जुलैत तिचा चिखल होतो. वरची माती काढून सहा इंच मुरूम दाबून घ्या, वर दोन इंच जाड रेती, आणि शंभराला एक ते दीड असा उतार. हिरवळ लावायचा खर्च करू नका, लघवीने महिनाभरात पिवळे चट्टे पडतात. पाण्याचा नळ वाहता ठेवा, सामाईक हौद नको. जंतुनाशक म्हणून चुना तर अजिबात फेकू नका, ओल्या पंजाला तो भाजतो.

कचऱ्याचा डबा फाटकाच्या बाहेर नाही, आत ठेवा. बाहेर ठेवला की पिशवी घेऊन माणूस बाहेर येतो, डबा भरलेला दिसतो, आणि पिशवी कुंपणाच्या जाळीला टांगून जातो. झाकण पायाने उघडणारं, रोज उचल.

---

वऱ्हाडी_मिरची

रोज उचल म्हणता भाऊ, पण रविवारी कोण येईल? फुटाळ्यावर गर्दी बी तवाच.

---

मुरूम_माती_सिमेंट

म्हणून एक डबा नको, दोन. शनिवारी रात्री दुसरा रिकामा लावायचा. मध्यम आकाराचं कुत्रं एका वेळी पाव किलोच्या आत. रविवारी शंभर कुत्री आली तरी पंचवीस किलो. १२० लिटरच्या डब्यात सहज मावतं. डबा भरतो तो शीने नाही, लोक त्यात भुट्टे टाकतात म्हणून. भुट्ट्यांचा डबा वेगळा ठेवा, चौपाटीच्या बाजूला, आणि त्यालाही झाकण.